सोळा तारखेची रात्र

रविवार, ता. १० फेब्रुवारी १९५७. सकाळी ७ वाजून २० मिनिटे. अंथुर्णे.

कांद्याला दारे धरत होतो. चौथा वाफा भरला होता. पाचव्याचे तोंड फोडायला फावडे उचलले, तेवढ्यात इंदापूरचा तारवाला सायकल हातात धरून बांधावरून येताना दिसला. तार म्हणजे वाईट बातमी. आप्पा, म्हणजे माझे वडील, गोठ्यापाशी होते. त्यांनी तिथूनच ओरडून विचारले, "कोन गेलं रं?"

कोणी गेले नव्हते. तार आफ्रिकेहून आलेली, जोतीरामदादाची. मी इंग्रजी दुसरीपर्यंत शिकलो आहे. शब्दकोश घेऊन बसलो आणि पाऊण तासात लावली, ती अशी: "१६ तारखेस ०२१० वाजता मुंबईत सांताक्रूझ विमानतळावर उतरतो. आईला घेऊन तिथे ये. बोट १७ तारखेस दुपारी बारा. पत्र मागून."

जोतीरामदादा हा माझा चुलतभाऊ, बानूकाकीचा एकुलता एक. सात वर्षांपूर्वी इकडच्या साखर कारखान्यातून तिकडच्या कारखान्यात साखर शिजवायला गेला. तेव्हापासून काकीने त्याला पाहिलेले नाही. दीड वर्ष खेटे घातले तेव्हा दिवाळीत काकीचा पासपोर्ट मिळाला. तिकडे उतरायचा परवाना २८ फेब्रुवारीपर्यंतच चालतो आणि बोटीला दहा दिवस लागतात. म्हणजे ही एकच बोट. ती चुकली तर परवाना गेला आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. काकी साठीच्या पुढची आहे.

तार वाचून दाखवली तेव्हा काकी भाकरी थापत होती. म्हणाली, "इमानातनं येतोय? पडला बिडला म्हंजी?" तव्यावरची भाकरी करपली. मला ती सांभाळते त्याला वीस वर्षे झाली. तिची भाकरी करपलेली मी पाहिली नव्हती.

इकडे पाचवा वाफा फुटून पाणी गाडीवाटेला गेले. आप्पा रागावले नाहीत.

सोमवार, ता. ११. इंदापूर. दुपारी १ वाजता, चावडीसमोरच्या लिंबाखाली.

पोस्टमास्तरांना ०२१० चा अर्थ विचारला. म्हणाले, "पुढे शून्य म्हणजे रात्रीचे दोन दहा. दुपारचे असते तर चौदा दहा लिहिले असते." माझ्यामागे सात माणसे होती, म्हणून पुढे बोलता आले नाही. पण पुढे विचारण्यासारखे काही उरले नाही. सोळा तारखेला रात्री दोन दहा, म्हणजे शनिवारचा दिवस मावळला की जी रात्र येते तिच्यात. पाटाच्या पाळीचे असेच असते. सोळाची रात्रपाळी असली की पाटकऱ्याच्या वहीत सूर्य उगवेपर्यंत तारीख सोळाच. मी इतक्या रात्री पाणी दिले, कधी त्यात घोटाळा झाला नाही.

सरकारी दवाखान्यातून काकीचा देवी काढल्याचा दाखला आणला. 'बानूबाई'तला 'नू' ऱ्हस्व पडला होता, तो दीर्घ करून घेतला. कंपाउंडर म्हणाला, "अहो, आफ्रिकेत मराठी कोण वाचतंय?" मी म्हणालो, "दादा वाचतो." तसे पाहिले तर दादाचे शुद्धलेखन फार वाईट आहे.

मुंबईपर्यंत जीप मिळते का पाहिले. तालुक्यातल्या सगळ्या जीपा निवडणुकीला लागल्या आहेत. आगगाडीनेच जावे लागेल.

बुधवार, ता. १३. अंथुर्णे. सायंकाळी ६ वाजता.

आज पूर्ण तक्ता तयार झाला. पाच पाने, पाचवे खर्चाच्या अंदाजाचे. शुक्रवारी बारामतीस मुक्काम, शनिवारी सकाळच्या छोट्या गाडीने दौंड, तिथून मोठ्या गाडीने संध्याकाळपर्यंत मुंबई. रात्री ११ वाजता विमानतळावर हजर. २.१० विमान. ३.०० दादा बाहेर. ५.०० बोटीचा धक्का. बोट १२.०० ला. म्हणजे सात तास हातात उरतात. मला इतका आनंद झाला की तक्ता घरात मोठ्याने वाचला.

माझी बहीण रतन निवडत असलेली डाळ सोडून ऐकत बसली. शेवटी म्हणाली, "समदं ब्येस हाय दादा. पर शिंक आली तर किती मिनटं धरलीत?"

आप्पांनी वेगळेच काढले. "इमानतळापासनं बोट किती लांब?"

"पंधरा मैल असेल."

"मंजी दोन मुक्काम."

"आप्पा, टॅक्सी असते तिथं."

"आसंल. मधी पानी कुठं पाजनार?"

"कुणाला?"

"तुज्या काकीला, आन् कुनाला! मेंढराला तरी कळतंय, तहान लागली की वरडतंय. ती वरडायची न्हाय."

आप्पांनी चाळीस वर्षे मेंढरे कोकणात नेली-आणली. आता पाट आला, मळा झाला, चारच मेंढ्या उरल्या आहेत. पण हिशेब अजून मुक्कामाचाच. मी तक्त्यात 'पाणी – दोन ठिकाणी' असे लिहिले, म्हणजे वाद नको.

काकीने विचारले, "म्हैपती, पान्याच्या पल्याड मेंढरं असत्यात का रं?" मी म्हणालो, चौकशी करून सांगतो. तेही लिहून ठेवले आहे.

गुरुवार, ता. १४. सकाळी १०.

दादाचे पत्र आले आणि माझी झोप उडाली. कारखान्याच्या मालकाचे वडील आजारी आहेत, त्यांना विमानाने मुंबईच्या इस्पितळात पोचवायचे काम दादाकडे आहे, भाडे मालकाचे. म्हणून गावी यायला सवड नाही. हे सगळे ठीक. पण खाली लिहिले आहे: "आईला शनीवारी १६ तारखेस दूपारी एकच्या आत बंदरावरील डॉक्टरपुढे ऊभे करणे जरूर आहे. त्यांचा शिक्का नसेल तर बोटीवर घेत नाहीत. शनीवारी ऑफीस एकला बंद, रवीवारी सुट्टी."

मी तीन वेळा वाचले. शनिवारी रात्री दोनला जो माणूस आकाशात आहे, तो शनिवारी दुपारी एकला आईला डॉक्टरपुढे कसा उभा करणार? दादाचा घोटाळा झालेला आहे. तीन वाक्यांत सहा चुका करणारा माणूस तारखेची चूक करणार नाही कशावरून? सतराला सकाळी एखादा तास ते ऑफिस उघडे ठेवत असतील, ते त्याला म्हणायचे असेल. लाल पेन्सिलीने '१६' खोडून '१७' केले, '?' असे चिन्ह केले, आणि शुद्धलेखनही दुरुस्त केले.

दुपारी १२. पण रविवारी डॉक्टर नसला तर?

दुपारी ३. काकीला सांगितले. ती म्हणाली, "न्हाय जमलं तर न्हाय. हितंच ऱ्हाईन. काय बिगाडलंय?" मला वाईट वाटले. सात वर्षे वाट पाहिलेल्या बाईने माझ्या जिवाला घोर नको म्हणून असे बोलावे. मी तिला शब्द दिला की बोटीवर चढवल्याशिवाय परत येणार नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तू लई गुनाचा हायस बाबा."

शुक्रवार, ता. १५. बारामती. दुपारी ४ वाजून ४० मिनिटे. स्टेशनच्या बाकावर.

सकाळी निघताना अकरा मिनिटे वाया गेली. काकी मेंढ्यांच्या वाड्यात शिरली ती बाहेर येईना. चारीही मेंढ्यांचे सगळे आप्पांना पाठ आहे, तरी एकेकीच्या पाठीवर हात ठेवून सांगत होती, हिला ओला पाला घालू नका, ही दूध चोरते, हिचा पाय जपा. आप्पा 'व्हय वैनी, व्हय वैनी' म्हणत होते. शेवटी मी घड्याळ दाखवले. एस.टी. मिळाली.

इथे येऊन उद्याच्या गाडीची वेळ पक्की करायला स्टेशनात आलो आहे. काकी पिंपळाच्या पारावर गाठोड्यापाशी बसली आहे.

त्याच दिवशी, ५ वाजून ५ मिनिटे.

घाईत लिहितो आहे. अक्षर वाईट येत आहे.

छोट्या गाडीचे गार्ड रामहरी म्हणून आहेत. पन्नाशीचे, चष्मा दोऱ्याने बांधलेला. मी त्यांना तक्ता दाखवला, गाडीची वेळ बरोबर आहे का म्हणून. त्यांनी पहिले पान वाचले, दुसरे वाचले, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"इमान कधी म्हनलात?"

"सोळा तारखेला. रात्री दोन दहा."

"मंग हितं काय करताय?"

"उद्या सकाळच्या गाडीनं निघतोय ना."

"आवो म्हैपतराव, रात्री बारा वाजलं की तारीख फिरती. रेल्वेत फिरती तशी इमानातबी. सोळाचं दोन दहा मंजी आज! ह्या रात्री! आजून नऊ तासानं."

मी त्यांना पाटकऱ्याच्या वहीचे सांगितले. ते म्हणाले, "इमान काय तुमच्या पाटाला लागलंय व्हय?"

मग सगळे एकदम समोर आले. दादाचे पत्र बरोबर होते. शनिवार, दुपारी एक, डॉक्टर. तो आज रात्री उतरणार आणि दारात काकीला शोधणार. चूक माझी. लाल पेन्सिल माझी. छोटी गाडी गेली, दुसरी उद्या सकाळी. त्या गाडीने गेलो तर ऑफिस एकला बंद होईल तेव्हा आम्ही पुण्याच्या आसपास असू.

मी बाकावर बसून राहिलो. रामहरींनी हातातला झेंडा गुंडाळला आणि म्हणाले, "रडताय काय बायकांवानी? उठा. सर्जेरावचा ट्रक भाजी भरून सहाला निघतोय मुंबईला. पळा."

६ वाजायला १० मिनिटे. ट्रकपाशी.

सर्जेराव आडदांड माणूस, डोक्याला तांबडा रुमाल. रामहरी स्वतः बरोबर आले आणि त्यांनी दोन वाक्यांत सगळे सांगितले. मला त्याला पाच पाने लागली असती. सर्जेराव म्हणाले, "मावशी, तुमी पुढं बसा माज्याजवळ. ह्यो वहीवाला बसंल मागं कोबीवर."

भाडे विचारले तर म्हणाले, "कोबीचं भाडं घेतलंय. त्यात बसतंय."

काकीला मी घाबरत घाबरत माझी चूक सांगितली होती. ती गाठोडे उचलून चालू लागली. ट्रकच्या पायरीवर पाय ठेवताना मात्र मागे वळून म्हणाली, "मंजी त्यो आज येतोय? आजच?" आणि साठीच्या पुढची बाई कोणाचा हात न धरता वर चढली.

शनिवार, ता. १६ (बारा वाजून गेले आहेत, म्हणून सोळा लिहिले). खोपोली. २ वाजून १० मिनिटे.

घाट उतरलो. ट्रक पाण्याला थांबला आहे. कंदिलाच्या उजेडात लिहितो. आत्ता या मिनिटाला दादा उतरत असेल. मी आकाशात पाहिले. खोपोलीच्या आकाशात काही दिसले नाही.

काकी पुढे सर्जेरावांना मेंढरांच्या वाटा सांगत होती, कुठल्या घाटाने उतरायचे, पाणी कुठे लागते. मागे कोबीवर मला सगळे ऐकू येत होते. सर्जेराव म्हणाले, "मावशी, ड्रायव्हर व्हायचं सोडून धनगरीन कशापायी झालात?" ती मोकळी हसली. आणि मला आठवले, तक्त्यात लिहूनही मी तिला पाणी विचारले नव्हते. आत्ता तांब्याभर दिले, तर घटाघटा प्यायली.

त्याच दिवशी, रात्री ८ वाजता. मुंबई, धर्मशाळेत.

आजचे सगळे क्रमाने लिहितो, काही गाळणार नाही.

पनवेलच्या पुढे टायर बसला. दोन तास गेले. मग जकातनाक्यावर ट्रकांची रांग. शीवला पोचायला ८ वाजून १० मिनिटे झाली. सर्जेरावांच्या मालाचा बाजार निम्मा मोडला होता, तरी ते उतरले, टॅक्सी थांबवली, टॅक्सीवाल्याला दरडावून सांगितले, "आमच्या मावशीला सरळ रस्त्यानं न्यायचं, मुंबई दाखवायची न्हाय." ८.५० ला सांताक्रूझ.

विमानतळाच्या दारात इतकी माणसे असतील असे वाटले नव्हते. साहेब, मडमा, शेठ, हमाल, पेट्यांचे ढीग. मी दादाचा सात वर्षांपूर्वीचा फोटो हातात धरून एकेक चेहरा तपासत होतो. टोपी, धोतर, बारीक मिशा. तसे कोणीही नव्हते. चौकशीच्या खिडकीवर विचारले, तर म्हणाले, ते विमान वेळेवर आले, उतारू केव्हाच गेले. सात तास होऊन गेले होते. मी काकीकडे परत आलो. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि सगळे ओळखले.

तिने गाठोडे खाली ठेवले. पदर खोचला. दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाळी दिली.

ती आमच्या घराची हाळी. प्रत्येक धनगराची वेगळी असते, म्हणून चार कळप एका माळावर मिसळले तरी मेंढरे आपल्या माणसाकडे येतात. पहिली लांब, मग तीन आखूड, मग घशातून फिरवलेली. मी लहानपणी माळावर ऐकली होती, त्यानंतर आजच. ती त्या दगडी इमारतीला आपटून परत आली. सगळा विमानतळ थांबला. एका मडमेच्या हातातली पिशवी पडली. पोलीस आमच्याकडे निघाला.

आणि पलीकडे रस्त्यावर एका टॅक्सीचे दार लावता लावता एक जाड, कोटातला, चष्म्याचा माणूस थबकला. त्याने मान वळवली. मग टॅक्सीचे दार उघडे टाकून तो पळत सुटला. हॅट पडली, ती त्याने उचलली नाही.

मी फोटो खिशात ठेवला. त्या फोटोवरून दादा मला जन्मात सापडला नसता.

तो काकीच्या पाया पडला, तिने त्याचे डोके छातीशी धरले आणि पहिले वाक्य बोलली, "किती सुटलायस रं मुडद्या!" पोलीस जवळ येऊन उभा राहिला, काय करावे त्याला कळेना, मग त्यानेच हॅट आणून दिली.

मालकाच्या वडिलांना इस्पितळात पोचवून दादा परत आला होता आणि वाट पाहून आता गावी तार करायला निघाला होता. म्हणाला, "म्या म्हनलं, आई येत न्हाय. मन फिरलं तिचं." काकी म्हणाली, "फिरलं व्हतं." दादा हसला. मीही हसलो.

पुढचे सगळे धावपळीचे. ९.३५ ला टॅक्सी. वाटेत दोनदा थांबवून काकीला पाणी दिले. दादा घड्याळ दाखवत होता, मी ऐकले नाही. ११ वाजता बोटकंपनीचे ऑफिस, तिथे रांग. १२.२० ला पास हातात. तिथून धक्क्यापर्यंत आम्ही अक्षरशः धावलो, काकी सगळ्यांत पुढे. १२.४० ला डॉक्टरच्या दारात. शिपाई दार लोटून घेत होता, दादाने पाय मध्ये घातला.

डॉक्टर आपल्याकडचेच निघाले. दाखला पाहिला, डोळे पाहिले, नाडी पाहिली. "आजी, वय काय?" काकी म्हणाली, "पटकी आली त्या साली माझं लगीन झालं. तुमीच घाला बेरीज." डॉक्टर हसले. "आणि चाललात कुठं?" ती म्हणाली, "लेकाकडं." त्यांनी शिक्का मारला. मी घड्याळ पाहिले, १२ वाजून ५२ मिनिटे.

खानावळीत जेवताना दादाने त्याचे पत्र मागितले, त्यात बोटकंपनीचा नंबर होता. माझा इलाज नव्हता, द्यावे लागले. त्याने लाल पेन्सिल पाहिली. '१७?' पाहिले. मग एकेक दुरुस्ती पाहिली. "आरं, तारीख तर चुकवलीसच, वर माझं शुद्धलेखन काढलंस?" आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. ते पत्र तो आफ्रिकेत नेणार आहे, मुलांना दाखवायला.

तिकडे मेंढरे असतात का, ते विचारले. असतात. काकीला सांगितले. ती म्हणाली, "हाळी कोनाची आसंल त्यास्नी!"

रविवार, ता. १७. बॅलार्ड पिअर. दुपारी १२ वाजून २५ मिनिटे.

बोट आमच्या गावापेक्षा मोठी आहे. पांढरी, तीन मजली, वर धुराडे. फाटकाच्या आत फक्त उतारूंना सोडतात, म्हणून मी तारेबाहेरून पाहिले. फाटकाशी काकीने गाठोडे माझ्या हातातून घेतले, पुन्हा माझ्या हातात दिले, पुन्हा घेतले. म्हणाली, "रातीला पानी द्यायला जाशील तवा पायात वहाना घाल. इच्चू-काटा असतोय." मी 'बरं' म्हणालो. तक्त्यात या वेळेला काही लिहिलेले नव्हते.

तिला शिडी चढताना पाहिले. शिडीच्या मधोमध थांबून तिने मागे पाहिले, पण गर्दीत मी तिला दिसलो की नाही ते कळले नाही. १२ वाजून ४ मिनिटांनी बोट हलली. चार मिनिटे उशीर.

तक्त्यातल्या वेळांच्या पानावर बारा वाजल्यापुढे कोरे आहे. आता स्टेशनवर जातो.

सोमवार, ता. १८. बारामती. सकाळी ९ वाजता. अंथुर्ण्याच्या एस.टी.ची वाट पाहत.

रामहरी गार्ड भेटले. 'चढली' म्हणालो. त्यांनी हातातली शिट्टी एकदा उगीचच वाजवली.

खर्च, रुपये-आणे-पै:
अंथुर्णे ते बारामती, एस.टी., दोन माणसे: १-४-०
टॅक्सी, शीव ते सांताक्रूझ: ३-१२-०
विमानतळावर चहा: ०-६-०
धर्मशाळा: १-८-०
खानावळ: २-१०-०
धक्क्यावर हार: ०-४-०
परत, बोरीबंदर ते बारामती: ५-१४-०
परत, एस.टी.: ०-१०-०
एकूण: १६-४-०
नेले होते ५०-०-०. शिल्लक ३३-१२-०.
देणे: सर्जेराव ट्रकवाले, ६-०-०. त्यांनी घेतले नाहीत, पण मांडून ठेवले. रामहरी गार्ड यांस कांद्याची एक पिशवी.

जातानाच्या आगगाडीचे भाडे वाचले, ते बाजूला काढले. दादाने दिलेली टॅक्सी बाजूला काढली. देणे धरले. तरी अंदाजापेक्षा ६-८-० जास्त उरतात. तीनदा बेरीज केली. कोणाचे द्यायचे राहिले की काय म्हणून तक्ता पहिल्या पानापासून तपासला.

आता सापडले. तक्त्याच्या पाचव्या पानावर परतीच्या भाड्याच्या ओळीत 'माणसे दोन' असे लिहिले आहे. अक्षर माझेच. एवढे तपासून लिहिलेले, आणि अशी चूक माझ्या हातून कशी झाली ते कळत नाही.